गळती शून्य

थोरली ॲम्ब्युलन्सवर नर्स होती, आणि तीही आजकालची नाही, एकोणीस वर्षांपासूनची. शंभर खाटांचं हॉस्पिटल; तिथे न झेपणारा पेशंट अडीच तासांच्या रस्त्याने मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचा, हे तिचं काम. मधल्या अडीच तासांत पेशंटला काही झालं तर मागे डॉक्टर नसायचा. थोरली असायची. खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत तिने आंधळ्यासारखी नुसत्या बोटाने शीर चाचपून सुई घातलेली ड्रायव्हरभाऊंनी आरशात पाहिली होती, आणि ती गोष्ट ते भेटेल त्याला सांगायचे. वर म्हणायचे, "खड्ड्यात गाडी मीच घातली होती, तेवढं मात्र कुणाला सांगत नाही."

त्याहून मोठं कौशल्य तिच्या बोलण्यात होतं. श्वास लागलेला माणूस वेडापिसा होतो. तोंडावर काही आणलं की हात झटकतो, उठून पळू बघतो. अशा माणसाचं मनगट थोरली हलकेच धरायची आणि काहीतरी साधंसं विचारायची. घरात कोण कोण आहे, मुलगी कुठे दिली. उत्तराची तिला घाई नसायची. दोनचार मिनिटांत तो माणूस तिच्या लयीत श्वास घ्यायला लागायचा. हॉस्पिटलात तिला मोठ्या सिस्टर म्हणत.

छोट्या सिस्टर म्हणजे तिची सख्खी जाऊ.

धाकटी सात वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या घरात आली, ती नर्सिंगचा कोर्स करून पण नोकरीशिवाय. तिचा अर्ज थोरलीनेच मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, स्वतः शब्द टाकला, आणि पहिली दोन वर्षं हाताला धरून शिकवलं. सुई कशी धरायची, रडणाऱ्या नातेवाइकांना न दुखावता दाराबाहेर कसं काढायचं, ड्यूटी संपली तरी रजिस्टर का अर्धवट सोडायचं नाही. धाकटी हुशार होती. नुसती हुशार असती तरी थोरलीने सोसलं असतं. पण ती नम्रही होती. उलट बोलत नव्हती, वर तोंड करत नव्हती, त्यामुळे तिच्यावर रागावायला जागाच सापडत नव्हती. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची धाकटी कॉम्प्युटरवर असं टकाटक करते." थोरली आत भाजी चिरत असायची. तिच्याबद्दल सासूबाई वाईट बोलत होत्या असं नाही. तिच्याबद्दल त्या काहीच बोलत नव्हत्या. घरातल्या जुन्या कपाटाबद्दल कोण काय बोलणार?

मग ते मशीन आलं.

प्रवासात वापरायचा व्हेंटिलेटर. प्रवासाच्या लहान बॅगेएवढा, वर धरायला मूठ, पुढे स्क्रीन. तोवर ॲम्ब्युलन्समध्ये श्वासाला आधार द्यायचा म्हणजे हाताने रबरी फुगा दाबत बसायचं. थोरलीचा अंगठा त्यापायी कायमचा दुखरा झाला होता. या मशीनची खुबी अशी, की घशात नळी न घालताही ते काम करायचं. नाकातोंडावर घट्ट मास्क बसवायचा. माणूस श्वास घ्यायला लागला की मशीन मागून जोर द्यायचं, चढाला लागलेल्या हातगाडीला पाठीमागून कुणी हात लावावा तसा. पेशंट जागा, बोलता चालता. पण त्याचं सगळं जुळवणं शिकावं लागायचं, आणि त्यासाठी हॉस्पिटलमधून एका नर्सला पाच दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं.

ती एक नर्स कोण, याबद्दल थोरलीच्या मनात शंका नव्हती. तिने माळ्यावरची बॅग उतरवली. कपड्यांना इस्त्री केली. नवऱ्याला सांगून ठेवलं, की गॅस संपत आलाय, पाच दिवस लक्ष ठेवा. तिसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला आणि त्यावर धाकटीचं नाव होतं.

मोठे डॉक्टर तिला बोलावून म्हणाले, "मोठ्या सिस्टर, तुम्ही पाच दिवस नसलात तर गाडी कोण बघणार? आणि ते सगळं मेनू, सेटिंग... तिला पटकन जमेल."

"बरोबर आहे, सर," थोरली म्हणाली.

संध्याकाळी धाकटी दारात येऊन उभी राहिली. "वहिनी, ती बॅग उतरवून ठेवलीय ना, ती मी नेऊ? माझ्या बॅगेची चेन गेलीय."

थोरलीने बॅग दिली. पुसून दिली. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण तिने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. तिखट म्हणजे नेमकं किती तिखट, ते त्या रात्री तिला समजलं.

धाकटी शिकून आली आणि बाकीच्या नर्सेसना शिकवू लागली. दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत टेबलावर मशीन, भोवती सगळ्या. थोरली कोपऱ्यात पाठमोरी बसून गॉजचे तुकडे कापायची. कान मात्र मागे असायचे.

"हवा आत ढकलणारी नळी एकच आहे," धाकटी सांगत होती. "माणूस श्वास सोडतो तो जाणार कुठे? त्याच नळीत गेला, तर पुढच्या वेळी आपलाच सोडलेला श्वास तो परत घेईल. म्हणून या मास्कच्या कोपराला, म्हणजे नळी जोडतो त्या वाकड्या तुकड्याला, बारीक भोकं आहेत. गाळणीसारखी. इथून हवा सुळसुळत बाहेर गेलीच पाहिजे. बोट ठेवून बघा." मग मान वळवून, "वहिनी, तुम्ही हातात घेऊन बघता का एकदा?"

"तू आहेस ना," थोरली म्हणाली, आणि कात्री चालवत राहिली.

पहिले दोन पेशंट मशीनवर सुखरूप पोचले. दोन्ही वेळा थोरली गाडीत होती. पेशंटला शांत तिने केलं, मास्क तोंडावर तिने धरला. फळ्यावर फोटो लागला. धाकटी मशीनच्या मुठीवर हात ठेवून उभी, आणि कडेला एक कोपर. ते कोपर थोरलीचं होतं. फोटो काढणाऱ्याने तिला म्हटलंही होतं, जरा आत सरका म्हणून. ती सरकली नव्हती. आता येता जाता ती ते कोपर बघायची आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

असे तीन महिने गेले. मग एका मंगळवारी सकाळी अकराला शिंपीकाकांना न्यायचं ठरलं.

सत्तरीचा वाळलेला माणूस, जन्मभर शिवणयंत्रावर वाकून कपडे शिवलेला. फुप्फुसं जुनी दुखणाईत. दोन दिवस श्वास चढतच चालला होता. रक्तात कार्बन डायऑक्साईड साठत होता, तो बाहेर टाकायची ताकद छातीत उरली नव्हती. पाठीशी उशा लावून ते पलंगावर ताठ बसले होते. ओठ आवळून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत होते. बायको शेजारी उभी, हातात त्यांच्या चपला.

धाकटीने मशीन लावायला घेतलं. सिलिंडर किती वेळ पुरेल ते मांडलं, दुसरा भरलेला घेतला. मोड निवडला, जोर कमी ठेवला, हळूहळू वाढवू म्हणाली. ऑक्सिजनही बेताचा; अशा पेशंटला नव्वदच्या आसपास पुरे, उगाच शंभरच्या मागे लागायचं नाही. सगळं चोख होतं. थोरलीला खोट काढायची असती तरी सापडली नसती. पण मास्क बसेना. काकांचे गाल आत गेलेले, कडेने हवा फसफसत डोळ्यांत जात होती. त्यांनी मान झटकली.

"मास्क मोठा होतोय," थोरली म्हणाली. "चेहरा बारीक आहे. लहान लागेल."

"लहान आपल्या पेटीत नाही. आयसीयूतून आणते." धाकटी पळत गेली, पळत आली. नवा लहान मास्क पिशवीतून काढून तिने थोरलीच्या हातात दिला आणि स्वतः स्क्रीनकडे वळली.

मास्कचं कोपर निळं होतं. थोरलीचं बोट सवयीने त्यावरून फिरलं. गुळगुळीत. भोकं नव्हती.

तिला समजलं. समजलं नाही असं पुढे तिने कधीही म्हटलं नाही, स्वतःशीसुद्धा. ती तोंड उघडणार, एवढ्यात मोठे डॉक्टर आत आले आणि धाकटीच्या खांद्यावरून स्क्रीन बघत म्हणाले, "छोट्या सिस्टर स्वतः सेट करतायत म्हणजे मला काही बघायला नको." काकूंनी लगेच चपला काखेत धरून धाकटीपुढे हात जोडले. "पोरी, तुझ्यावरच सगळं."

थोरली तिथेच होती. मास्क तिच्याच हातात होता.

शिकून आलीय ना, बघेल ती, असं थोरलीच्या मनात आलं. नळीतच दुसरीकडे कुठे वाट असेल, आपल्याला काय कळतं त्यातलं. आणि नसली, तर मशीन बोंब मारेल, सगळ्यांसमोर काढून बदलावं लागेल, आणि डॉक्टरांना एकदा दिसू दे. ती मूग गिळून बसली. काकांचं मनगट धरलं, विचारलं, "काका, माझ्या ब्लाउजची शिवण बघा, सरळ आहे का?" काकांनी खरंच बघितलं आणि हसत बोटांनी थोडी वाकडी अशी खूण केली. त्या हसण्यात मास्क तोंडावर बसला. पट्टे तिने आवळले, दोन बोटं आत जातील एवढेच.

"वा," धाकटी म्हणाली. "वहिनी, बघा, गळती शून्य."

मशीनने बोंब मारली नाही. गाडी निघाली.

काकू पुढे ड्रायव्हरभाऊंशेजारी बसल्या. मागे दोघी. शहराबाहेर पडेपर्यंत काका जागे होते, खिडकीबाहेर बघत होते. श्वास मोठे होत होते, ऑक्सिजन ब्याण्णव. धाकटी आकडे कागदावर उतरवत होती. पाऊण तास झाला आणि काकांची मान एका बाजूला कलली.

मधल्या काचेतून काकूंनी विचारलं, "झोपले का गं?"

"हो काकू. झोपू द्या," धाकटी म्हणाली.

"बरं झालं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता."

धाकटी स्क्रीनकडे बघून समाधानाने मागे टेकली. थोरलीने काकांचा हात हातात घेतला. हात गरम होता, घामाने ओला. मघाशी थरथरत होता तो आता ढिला पडला होता. झोपलेला माणूस आणि गुंगीत चाललेला माणूस यातला फरक तिला एकोणीस वर्षांत इतका पाठ झाला होता, की डोळे मिटूनही तिने सांगितला असता. "काका," तिने हाक मारली. मोठ्याने मारली. कानाची पाळी चिमटली. डोळे किलकिले झाले, तिच्याकडे न बघता मिटले.

तरीही, आणि हे तिला नंतर सर्वांत जास्त खुपलं, ती लगेच बोलली नाही. एक मैलाचा दगड मागे गेला. आत्ता बोललं तर मघाशी का नाही, असं विचारतील, एवढाच विचार त्या दगडाएवढा वेळ तिच्या डोक्यात होता.

मग ती म्हणाली, "मास्क काढ."

"का? ब्याण्णव आहे."

"आकडा सोड. माणूस बघ. कोपर बघ, निळं आहे ते. भोकं नाहीत त्याला."

धाकटीचं बोट कोपरावर गेलं आणि तिचा चेहरा उतरला. "शून्य," ती पुटपुटली. "शून्य कशी असेल... भोकांतली हवा धरून शून्य असायलाच नको होती."

"ते नंतर. काढ आधी. फुगा दे."

थोरलीने मास्क सोडवला, फुग्याचा मास्क चेहऱ्यावर दाबून धरला आणि काकांच्या श्वासाला श्वास जोडत फुगा दाबायला लागली. घाई नाही, सावकाश, सोडलेला श्वास पुरता बाहेर पडू देत. ड्रायव्हरभाऊंना ओरडून सांगितलं, गाडी कडेला घ्या, गचके नकोत. अंगठ्यातून कळ खांद्यापर्यंत जात होती. समोर धाकटी पेटी उपसत होती. घाई असूनही ती चुकली नाही. मास्क आणि नळीच्या मध्ये बसवायचा, कडेला फट असलेला छोटा तुकडा तिने शोधून काढला, जोडला, तळहाताशी धरून फटीतून हवा येते की नाही ते पाहिलं. मग थोरलीकडे बघून म्हणाली, "तुम्ही बघा."

थोरलीने बघितलं. "येतेय."

मास्क पुन्हा चढवला. धाकटीने जोर थोडा वाढवला. गाडी सुटली. वीस मिनिटांनी काकांनी पापण्या हलवल्या, अर्ध्या तासाने थोरलीच्या हाकेला बोट हलवलं. मोठ्या हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर उतरवताना त्यांनी डोळे उघडून बायकोच्या हातातल्या चपला बघितल्या आणि त्या मागितल्या. थोरलीचा जीव भांड्यात पडला. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांसमोर सगळं उघड करणारी धाकटीच होती. कुणी विचारायच्या आत उभी राहून म्हणाली, "चूक माझी. आयसीयूतला मास्क मी आणला; तिथल्या मशीनला परतीची नळी वेगळी, म्हणून त्याला भोकं नसतात. तपासला नाही. वहिनींच्या लक्षात आलं म्हणून काका वाचले." डॉक्टरांनी सगळ्यांसमोर थोरलीचं कौतुक केलं. अनुभव मशीनमध्ये भरता येत नाही, वगैरे. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरभाऊंना सांगायला नवी गोष्ट मिळाली. घरी सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "थोरलीने जीव वाचवला हो माणसाचा." सात वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं आयतं ताटात आलं, आणि तिला घास गिळवेना. शेजारच्या खोलीत धाकटी दार लावून बसली होती.

काका आठ दिवसांनी घरी गेले. ते कळलं त्या दुपारी थोरली गच्चीवर गेली. धाकटी दोरीवरचे कपडे काढत होती.

"मला निघायच्या आधीच दिसलं होतं," थोरली म्हणाली.

"काय?"

"निळं कोपर. हातातच होतं माझ्या. बोट फिरवलं मी."

धाकटी हातात चादर घेऊन उभी राहिली. "मग बोलला का नाहीत?"

"तुझी फजिती व्हावी म्हणून. डॉक्टरांसमोर. एवढ्यावर जाईल असं वाटलं नव्हतं."

"मी आठ दिवस झोपले नाहीये, वहिनी."

"माहीत आहे. भिंत एकच आहे आपली."

धाकटीने उरलेले कपडे काढले. स्वतःचे आणि नवऱ्याचे घेतले, थोरलीचे दोरीवर तसेच ठेवले, आणि खाली गेली.

थोरली दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली आणि तेच त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "हे मला सांगितलं नसतंत तरी चाललं असतं, असं मी म्हणणार नाही." लेखी ताकीद मिळाली. दोन महिने गाडीवरून उतरवून वॉर्डात टाकलं. आणि एक नियम निघाला: निघण्यापूर्वी दोघींनी मास्क, कोपर, नळी हातात घेऊन मोठ्याने बोलून तपासायचं, आणि मगच गाडी हलवायची. कौतुक झालं होतं तसंच हेही सगळीकडे पसरलं. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. ड्रायव्हरभाऊंनी मात्र वॉर्डाच्या दारात येऊन विचारलं, "मोठ्या सिस्टर, चहा?" एवढंच.

घरात दोघी दीड महिना बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी मुलांकरवी निरोप जायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची. मग एका दुपारी धाकटी वॉर्डात आली. "मी माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली. "पण परवा एक आजी घाबरून मास्क लावू देईनात. मी अर्धा तास झटले. शेवटी नळी घालावी लागली डॉक्टरांना. तुम्ही असतात तर लागली नसती." मग दाराकडे वळत म्हणाली, "उद्यापासून दुपारी दोनला ड्रेसिंगच्या खोलीत या. मशीन शिकायचं आहे तुम्हाला."

थोरली गेली. बटणांवरून बोट घसरायचं, मेनूत हरवायची. धाकटी शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगायची, आणि तो शांतपणा थोरलीला नव्याने झोंबायचा. ओरडली असती तर बरं, असं वाटायचं. पण ती शिकली. दोन महिने संपले तेव्हा गाडीवर परतली, आणि पुढची चार वर्षं दोघींनी मिळून कितीतरी माणसं त्या रस्त्याने नेली. सगळी पोचली असं नाही, पण ज्यांना पोचवता येण्यासारखं होतं ती पोचली.

तिचा हेवा गेला का? नाही. मोठ्या हॉस्पिटलने धाकटीला शिकवायला कायमचं बोलावून घेतलं, तेव्हा तो पुन्हा उफाळून आला. सामान बांधायचं चाललं होतं. थोरली दाराशी उभी राहून बघत होती आणि शेवटी म्हणाली, "एक सांगू? मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो."

धाकटी खोक्याला दोरी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "इथे गाठीवर बोट धरा जरा."

थोरलीने बोट धरलं.